अक्षावरची अक्षरे किती मोठी असावीत?

सांख्यिकी आलेखाच्या अक्षांभोवती दोन प्रकारचा मजकूर असतो. पहिला म्हणजे अक्षाचे नाव: काय मोजले आणि कोणत्या एककात. दुसरा म्हणजे खुणांपाशी लिहिलेले आकडे, किंवा अक्षावर गट मांडले असतील तर त्या गटांची नावे. दोन्हींचा आकार स्वतंत्रपणे ठरवता येतो. आर किंवा पायथनसारख्या भाषेत त्यासाठी एखादी ओळ पुरते. ती ओळ कधी लिहावी आणि तिच्यातला आकडा कुठून आणावा, यावर मात्र आलेख काढणारे आणि आलेख छापणारे यांचे सहसा एकमत होत नाही. पुढच्या संवादातली विश्लेषक आकडेवारी हाताळते, मांडणीकार आलेख पानावर बसवतो. दोघांसमोर आरसोबत मिळणारा हवेच्या गुणवत्तेचा माहितीसंच आहे: न्यूयॉर्क शहर, मे ते सप्टेंबर १९७३, एकूण १५३ दिवस. क्ष-अक्षावर तापमान, य-अक्षावर ओझोन. ३७ दिवसांची ओझोनची नोंद उपलब्ध नसल्याने आलेखावर ११६ ठिपके उमटतात. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहिल्या जातात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे.

विश्लेषक: ठिपके दिसताहेत. तापमान वाढले की ओझोन वाढतो, हेही दिसते आहे. मग अक्षरांना हात कशाला लावायचा? आरची मुळे १९७६ साली बेल लॅब्समध्ये सुरू झालेल्या एस भाषेत आहेत. इतक्या वर्षांच्या वापरात टिकलेले आकार मी माझ्या मनाने बदलणे मला पटत नाही. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ च्या पुस्तकात शाई आकडेवारीवर खर्ची पडावी असे बजावले आहे, सजावटीवर नव्हे.

मांडणीकार: टफ्टींचा रोख निरुपयोगी शाईवर होता. अक्षावरचे आकडे काढून टाकले, तर एखादा ठिपका किती अंशांवर आहे हे सांगणारे काहीच उरत नाही. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की समान मापपट्टीवरचे स्थान माणूस कोनापेक्षा कितीतरी अचूक जोखतो. पण त्यासाठी मापपट्टी वाचता यायला हवी. आणि तुम्ही म्हणता ते टिकलेले आकार, ते किती रुंद चित्रासाठी आहेत?

विश्लेषक: आरची पीडीएफ काही न सांगता सात इंच बाय सात इंच निघते.

मांडणीकार: माझा स्तंभ ८९ मिलिमीटरचा आहे, म्हणजे साडेतीन इंच.

वादाचा गाभा या दोन मापांमधल्या फरकात आहे. आरच्या मूळ आलेखनात मजकुराचा पायाभूत आकार १२ पॉइंट असतो आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. अक्षाचे नाव आणि खुणांचे आकडे दोन्ही याच आकारात येतात, आलेखाचे शीर्षक त्याच्या १.२ पट. सात इंचांचे चित्र ८९ मिलिमीटरच्या स्तंभात बसवले की सगळे निम्मे होते आणि १२ पॉइंटची अक्षरे ६ पॉइंटची उरतात. आरसाठीच्या जीजीप्लॉट२ या संचात परिस्थिती आणखी बिकट होते. तिथे पायाभूत आकार ११ पॉइंट, अक्षाचे नाव तेवढेच, पण खुणांचे आकडे त्याच्या ०.८ पट, म्हणजे ८.८ पॉइंट. निम्मे केल्यावर ते ४.४ पॉइंटवर येतात. 'नेचर' हे नियतकालिक आकृतीतला मजकूर ५ ते ७ पॉइंटमध्ये मागते, ४.४ पॉइंटचा आकडा त्या मर्यादेखाली जातो. पायथनमधल्या मॅटप्लॉटलिबचे चित्र ६.४ इंच रुंद आणि अक्षरे १० पॉइंटची असतात. त्याच स्तंभात ती साधारण साडेपाच पॉइंटची होतात. म्हणजे आज्ञेत लिहिलेला आकार आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर येणारा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचकाला दुसऱ्याशीच कर्तव्य आहे.

विश्लेषक: मान्य. मग आकार वाढवते. आरमध्ये सीईएक्स नावाचा गुणक आहे. सीईएक्स.लॅब अक्षाच्या नावासाठी, सीईएक्स.ॲक्सिस खुणांच्या आकड्यांसाठी. एक म्हणजे आहे तेवढा, दीड म्हणजे दीडपट. प्लॉट() मध्ये दोन्ही देऊन टाकले की झाले.

मांडणीकार: नुसता सीईएक्स देऊन पाहिलात का?

विश्लेषक: त्याने ठिपके फुगले, अक्षरे जागच्या जागी राहिली.

ही गफलत फार सर्रास होते. प्लॉट() च्या कंसात दिलेला सीईएक्स ठिपक्यांपुरता लागू होतो. आलेखाची सर्वसाधारण मापे ठरवणाऱ्या पार() मध्ये दिलेला सीईएक्स मात्र सगळ्या मजकुराचा आणि चिन्हांचा पाया बदलतो, आणि सीईएक्स.लॅब व सीईएक्स.ॲक्सिस त्या पायावर गुणले जातात. बारप्लॉट() मध्ये आणखी एक वाट फुटते: सीईएक्स.ॲक्सिस फक्त आकड्यांच्या अक्षाला लागतो आणि स्तंभाखालच्या नावांसाठी सीईएक्स.नेम्स द्यावा लागतो. समासात मजकूर लिहिणाऱ्या एमटेक्स्ट() चा सीईएक्स पार() मधल्या पायाला जुमानत नाही, तो थेट १२ पॉइंटशी तोलला जातो. त्यामुळे अर्धी नावे प्लॉट() ने आणि अर्धी एमटेक्स्ट() ने लिहिलेल्या आलेखात समान आकडा देऊनही अक्षरे असमान दिसू शकतात.

मांडणीकार: आता सीईएक्स.लॅब दोन करून बघा.

विश्लेषक: य-अक्षाचे नाव डाव्या कडेला कापले गेले.

मांडणीकार: कारण अक्षरे वाढली, समास वाढला नाही.

मूळ आलेखनात समास मार या मापाने, ओळींत मोजतात. खाली ५.१, डावीकडे ४.१, वर ४.१ आणि उजवीकडे २.१ ओळी, आणि १२ पॉइंटच्या हिशोबात एक ओळ ०.२ इंचांची. म्हणजे डावा समास ०.८२ इंच. एमजीपी या मापाप्रमाणे अक्षाचे नाव तिसऱ्या ओळीवर आणि खुणांचे आकडे पहिल्या ओळीवर बसतात. नाव बाहेरच्या बाजूला वाढते, म्हणून दुपटीवर गेले की चित्राच्या कडेबाहेर जाते. आकडे वाढले तर ते नावाच्या अंगावर येतात, आणि एलएएस एक करून य-अक्षावरचे आकडे आडवे केले असतील तर लवकरच. २४ पॉइंटमधला '१५०' हा आडवा आकडा अर्ध्या इंचाहून अधिक जागा घेतो आणि तिसरी ओळ ओलांडतो. म्हणून सीईएक्स बदलला की पार() मधली मार आणि एमजीपी ही दोन मापेही पाहावी लागतात. जीजीप्लॉट२ समास स्वतः मोजतो, तिथे अक्षरे कापली जात नाहीत. मात्र ती वाढतील तेवढी ठिपक्यांची चौकट आक्रसते. आकाराची किंमत दोन्हीकडे मोजावी लागते. एकीकडे ती कापलेल्या अक्षरांत लगेच डोळ्यांत भरते, दुसरीकडे आकसलेल्या आकडेवारीत सहज नजरेआड होते. दुसरी चूक जास्त काळ टिकते, म्हणून ती अधिक धोक्याची मानावी.

विश्लेषक: म्हणूनच मी म्हणत होते, गुणकांशी खेळू नये. एक वाढवला की दुसरा, मग समास, मग पुन्हा पहिला.

मांडणीकार: गुणकांशी खेळू नका, हे बरोबरच आहे. पण म्हणून चित्राचे मापही मूळ तेच का ठेवता? ते आधी ठरवा.

येथे दोघांच्या म्हणण्यातला खरा अंश एकत्र येतो. आरमध्ये पीडीएफ() उघडतानाच रुंदी, उंची आणि पॉइंटसाइझ देता येतात. रुंदी ३.५ इंच, उंची ३ इंच, पॉइंटसाइझ ७, एवढे सांगितले की समासाची ओळही त्याच प्रमाणात आखडते. डावा समास ०.८२ ऐवजी सुमारे ०.४८ इंच होतो. नाव, आकडे, शीर्षक यांची आपसातली प्रमाणे तशीच राहतात. एकही सीईएक्स बदलावा लागत नाही, आणि छापताना चित्र लहानमोठे करायचे नसल्याने ७ पॉइंट म्हणजे कागदावरही ७ पॉइंटच. हाच मार्ग सर्वांत सरळ आहे आणि बहुतेक आलेखांना तो पुरतो. नवशिक्यांना सीईएक्स आधी शिकवला जातो आणि चित्राचे माप शेवटी, कधी शिकवलेही जात नाही; हा क्रम उलटा व्हायला हवा.

विश्लेषक: पीडीएफचे ठीक आहे. पण पीएनजी पाठवायची असेल तर? चित्र धूसर येऊ नये म्हणून मी रुंदी आणि उंची दोन-दोन हजार पिक्सेल केली, तर अक्षरे मुंगीएवढी झाली. मग सीईएक्स चारवर न्यावा लागला.

मांडणीकार: रेझ दिला होता का?

विश्लेषक: नाही.

पीएनजी() चे मूळ माप ४८० बाय ४८० पिक्सेल आणि घनता, म्हणजेच रेझ, इंचाला ७२ पिक्सेल आहे. म्हणजे चित्र ६.६७ इंचांचे. नुसते पिक्सेल वाढवून २००० केले तर आर समजतो की कागद जवळजवळ २८ इंचांचा झाला, आणि १२ पॉइंटची अक्षरे त्या अवाढव्य कागदावर १२ पिक्सेलचीच राहतात. रेझ ३०० दिला की तीच अक्षरे ५० पिक्सेलची होतात आणि २००० पिक्सेलचा कागद पुन्हा ६.६७ इंचांचा ठरतो. मांडणी मूळ चित्रासारखीच, फक्त रेखीव. अक्षावरची अक्षरे बारीक येतात या तक्रारीमागे बरेचदा हेच कारण असते. तिथे सीईएक्स चारवर नेणे म्हणजे कारण सोडून लक्षणावर उपाय करणे होय, कारण रेषांची जाडी, ठिपके आणि समास बारीकच राहतात.

विश्लेषक: जीजीप्लॉट२ वापरले तर हे सगळे टळते का? हॅडली विकहॅम यांनी लेलंड विल्किन्सन यांच्या १९९९ मधल्या आलेख-व्याकरणावर ते उभारले. त्यात आकडेवारी एका बाजूला, रूप दुसऱ्या बाजूला.

मांडणीकार: टळत नाही, पण नीट मांडले जाते. तुम्ही थीम() मध्ये ॲक्सिस.टायटल आणि ॲक्सिस.टेक्स्ट यांना एलिमेंट_टेक्स्ट() देऊन थेट पॉइंटमध्ये आकार सांगू शकता.

विश्लेषक: मी थेट पॉइंट देणार नाही. प्रत्येक आलेखात १६, १४, १२ असे आकडे पेरले, की उद्या स्तंभ बदलल्यावर ते सगळे शोधत बसावे लागेल. थीम_बीडब्ल्यू() या तयार थीमला बेस_साइझ ७ देईन. खुणांचे आकडे लहान वाटले तर रेल() ने ०.९ करीन. म्हणजे पाया एकाच जागी बदलता येईल.

या मुद्द्यावर विश्लेषकाची बाजू निःसंशय वरचढ आहे. रेल() म्हणजे सापेक्ष आकार. तो पायाला बांधलेला असल्याने पाया बदलला तरी प्रमाण ढळत नाही. थीम_सेट() ने एकदा ठरवलेली रचना त्या कामातल्या प्रत्येक आलेखाला लागू होते, आणि एका अहवालातल्या वीस आलेखांची अक्षरे सारखी दिसण्याची ती खात्रीची रीत आहे. क्रम मात्र सांभाळावा लागतो. आधी थीम() ने आकार बदलून मग थीम_बीडब्ल्यू() जोडली, तर ती संपूर्ण थीम आधीचे बदल पुसून टाकते. पूर्ण थीम आधी, दुरुस्त्या नंतर. शिवाय आलेखाच्या आत जिओम_टेक्स्ट() ने लिहिलेल्या मजकुराचा आकार पॉइंटमध्ये नसून मिलिमीटरमध्ये असतो: तिथला ५ म्हणजे सुमारे १४.२ पॉइंट. अक्षावर ७ पॉइंट ठेवून आतल्या नावांना ७ दिले, तर ती जवळजवळ २० पॉइंटची होऊन बसतात.

साठवताना जीजीसेव्ह() ला रुंदी-उंची सांगितली नाही, तर ते पडद्यावरच्या खिडकीचे माप उचलते. एकाच आज्ञावलीतून दोन संगणकांवर अक्षरांची दोन वेगळी प्रमाणे निघतात ती यामुळे. रुंदी ८९, एकक मिलिमीटर, असे लिहून द्यावे. मॅटप्लॉटलिबमध्ये सेट_एक्सलेबल() ला फॉन्टसाइझ आणि टिक_पॅरम्स() ला लेबलसाइझ देता येतो, किंवा आरसीपॅरम्समध्ये फॉन्ट.साइझ एकदाच ठरवता येतो. तिथला सापळा निराळा आहे: साठवताना कडेची रिकामी जागा छाटण्याचा 'टाइट' पर्याय दिला की चित्राचे मापच बदलते, आणि ते स्तंभात ताणून बसवले की अक्षरांचा हिशोब चुकतो. दीपायन सरकार यांच्या लॅटिस या आरमधल्या संचात खुणांच्या आकड्यांचा आकार स्केल्स नावाच्या यादीतल्या सीईएक्सने ठरतो. बाकीचे तर्कशास्त्र तेच.

मांडणीकार: मग सगळे पायावरच सोडायचे? महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांचा स्तंभालेख काढा बघू, नावे मराठीत.

विश्लेषक: काढला. निम्म्याहून अधिक नावे गायब आहेत.

मूळ आलेखनात ॲक्सिस() एकमेकांवर चढणारी नावे छापतच नाही. ज्यांना जागा मिळत नाही ती गुपचूप वगळली जातात. बारप्लॉट() ची नावेही तिच्याकडूनच लिहिली जातात. आकडे असतील तर मधले काही गळून फारसे बिघडत नाही, ६० आणि ८० दिसले की ७० कळतो. जिल्ह्यांच्या नावांना हा नियम लावता येत नाही. गळलेला जिल्हा शेजाऱ्यांवरून ओळखता येत नाही.

विश्लेषक: सीईएक्स.नेम्स ०.४ केला तर मावतात.

मांडणीकार: मावतात, पण वाचता येत नाहीत. ४५ अंशांत तिरपी केलीत तरी मान वाकडी करून वाचावी लागतील. नावे य-अक्षावर आणा.

आडवे स्तंभ, एलएएस एक आणि डावा समास रुंद, हा या प्रश्नाचा योग्य उपाय आहे. जीजीप्लॉट२ मध्ये जिल्हा य-अक्षावर दिला की पुरते. अशा वेळी आकारावरून उंची ठरवावी, उंचीवरून आकार नव्हे. ३६ नावे, प्रत्येकी ९ पॉइंट, ओळींमध्ये १.३ पट अंतर, म्हणजे सुमारे ४२१ पॉइंट, जवळजवळ ५.८५ इंच. शीर्षक आणि खालचा अक्ष धरून आलेख सात इंच उंच हवा. एवढी उंची पानावर नसेल तर विभागवार दोन आलेख करावेत; अक्षरे चिरडून एकच आलेख टिकवण्याचा आग्रह धरू नये.

विश्लेषक: ९ पॉइंट का? इंग्रजीत तर ७ चालतात.

मांडणीकार: देवनागरीला वेलांटी-मात्रांसाठी वर आणि उकारांसाठी खाली जागा लागते. तेवढ्याच पॉइंटमध्ये मूळ अक्षर लहान पडते. 'छत्रपती संभाजीनगर' ७ पॉइंटमध्ये छापून बघा, 'त्र' आणि अनुस्वार दोन्ही बुजतील.

देवनागरी लेबलांबाबत आकाराच्याही आधी अक्षरांच्या जुळणीचा प्रश्न येतो. आरचे साधे पीडीएफ() हे काम करू शकत नाही. केरो_पीडीएफ() किंवा रॅग संचातले एजीजी_पीएनजी() वापरले आणि नोटो सान्स देवनागरी यासारखा फॉन्ट यंत्रावर असला, की जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी जागच्या जागी बसतात. मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांत वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे हलंत होऊन सुटी होतात. म्हणून मराठी नावांचा आलेख आधी मोठ्या आकारात काढून शुद्धलेखनासाठी तपासावा, आकार त्यानंतर उतरवावा. ७ पॉइंटमध्ये चुकलेली वेलांटी कुणाच्या नजरेस पडत नाही आणि तशीच छापली जाते.

उरते ती अनेक चौकटींची आकृती. आरमध्ये एमएफरो ने दोन बाय दोन चौकटी केल्या की सीईएक्स आपोआप ०.८३ होतो, आणि ओळी किंवा रकाने तीन वा अधिक झाले की ०.६६. ७ पॉइंटचा पाया मग ५.८ आणि ४.६ पॉइंटवर घसरतो. दुसरा आकडा पाचाच्या खाली जातो.

विश्लेषक: हे तर मी मागितलेले नाही.

मांडणीकार: कुणीच मागत नाही. एमएफरो दिल्यावर पार() मध्ये सीईएक्स पुन्हा एक करा. आणि तीन बाय तीन केल्यास नऊही चौकटींखाली 'तापमान' कशाला? आतल्या चौकटींची नावे काढा, बाहेर एकदाच लिहा.

विश्लेषक: तेवढी जागा ठिपक्यांना मिळेल. हे मला पटते.

नाव एकदाच लिहायचे तर ते पूर्ण असावे. आर काही न सांगता अक्षाला चलाचे आज्ञेतले नावच देतो, त्यामुळे 'टेम्प' असे काहीतरी छापले जाते. त्याचा आकार कितीही नेमका ठरवला तरी वाचकाला अंश फॅरनहाइटचे की सेल्सिअसचे हे कळत नाही. 'कमाल तापमान, अंश फॅरनहाइट' आणि 'ओझोन, अब्जात भाग' असे लिहिल्यावरच आकाराचा विचार सुरू करावा, कारण नावाची लांबी कळल्याशिवाय ते किती मोठे करता येईल हेही कळत नाही.

विश्लेषक: एक शंका उरते. हाच आलेख उद्या सभागृहात पडद्यावर दाखवायचा आहे. ७ पॉइंट तिथे चालणार नाहीत.

मांडणीकार: छापील चित्र ताणू नका. दुसरे काढा.

रुंद पडद्याच्या सादरीकरणाचे पान १३.३३ बाय ७.५ इंच असते. त्यावर पूर्ण रुंदीचा आलेख काढताना पाया २० ते २४ पॉइंट ठेवावा आणि क्ष-अक्षावरच्या खुणा गरजेपुरत्याच ठेवाव्यात. आलेख काढणारी आज्ञावली एका फंक्शनमध्ये घालून बेस_साइझ, रुंदी आणि उंची बाहेरून दिली, तर छपाईची आणि पडद्याची अशा दोन्ही प्रती त्याच आकडेवारीतून निघतात. विश्लेषकाच्या हाती प्रमाणे राहतात, मांडणीकाराच्या हाती तीन मापे.